घरात ट्यूब एक आणि खाज तिघांची

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात जळगावचा पारा दहाच्या खाली गेल्याची बातमी आली, ती वाचली आणि मी पहिलं काम काय केलं तर फडताळातला मलमाचा डबा उघडून बघितला, किती राहिलंय ते. आमच्याकडं थंडी म्हणजे भरीत, कळण्याची भाकर, मळ्यात शेकोटी हे सगळं आहेच, पण माझ्यासाठी थंडी म्हणजे आमच्या धाकट्याची कातडी. सात वर्षांचा आहे, दुसरीत जातो आणि त्याला इसब आहे, डॉक्टर लोक एक्झिमा म्हणतात. पाच महिन्यांचा होता तेव्हा गालावर लाल चट्टे उठले होते, आता कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्यामागं लवणीत, मानेवर आणि मनगटावर असतं. दिवाळी झाली की अंग कोरडं पडायला लागतं आणि होळीपर्यंत आमचं हेच चालू.

पत्र लिहायचं कारण मात्र परवाचं आहे. बाजाराचा दिवस होता, मी एका मेडिकलवर उभी होते, तिथं एक बाई आली, वय असेल बावीस-तेवीस, कडेवर सहा-सात महिन्यांचं लेकरू. लेकराचे दोन्ही गाल लाल आणि ओले, हातात पायमोजे घातलेले, खाजवू नये म्हणून. ती म्हटली भाऊ खाजेची ट्यूब द्या, आणि काउंटरवरच्या पोरानं लेकराकडं बघितलंसुद्धा नाही, मागच्या फळीवरून एक ट्यूब काढली आणि दिली. तीच ट्यूब जी आमच्या घरात तीन वर्षं होती. मी तिला बाजूला घेतलं आणि उभ्या उभ्या जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं पण तिची एसटी होती, ती गेली, ट्यूब घेऊनच गेली. त्या रात्री मला झोप नाही आली.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते, म्हणजे कळेल मी एवढी का घाबरते. आमच्या घरात ती एकच ट्यूब देवाच्या फळीवर असायची आणि खाज कोणाला पण असो, तीच लावायची. मुलाला इसब. मिस्टरांना कमरेला गजकर्ण, म्हणजे बुरशीची खाज, केळीच्या बागेत पावसाळाभर ओल्या कपड्यात काम, त्याच्यामुळं. आणि नणंदेला कोणीतरी सांगितलं की हिनं चेहरा उजळतो, तर ती लग्नाच्या आधी सहा महिने रोज रात्री तोंडाला लावत होती. तिघांचे तीन आजार आणि औषध एक. त्या ट्यूबमधे जोरदार स्टिरॉइड असतं, त्यात बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक पण मिसळलेलं असतं, म्हणजे काहीही असलं तरी एखादं औषध लागू पडेल अशा हिशोबानं बनवलेली.

झालं काय, मिस्टरांची खाज चार दिवसात गेली, सगळे खुश. ट्यूब बंद केली की पंधरा दिवसात परत, आधी रुपयाएवढं होतं ते ताटलीएवढं झालं, मग मांडीला उतरलं. स्टिरॉइडनं लाली दबते, खाज दबते, पण खाली बुरशी आरामात वाढत राहते, हे आम्हाला जळगावच्या स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. नणंदेचं तोंड उन्हात गेलं की टोमॅटोसारखं लाल व्हायचं, जळजळ व्हायची, बारीक लव आली, ट्यूब सोडली तर अजून पुटकुळ्या, तिला नीट व्हायला वर्षाच्या वर लागलं. आणि माझ्या लेकराच्या कोपरातली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती, खालच्या निळ्या शिरा दिसत होत्या. डॉक्टरांनी त्याचा हात उजेडात धरला आणि मला दाखवलं, बघा म्हटले, हे इसबानं नाही झालेलं. मी काही बोलू शकले नाही.

संपादक साहेब, कायदा नाही असं नाहीये. २०१८ साली केंद्र सरकारनं अशा १४ स्टिरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केलेली आहे. पण आमच्या तालुक्यात कोण विचारतं चिठ्ठी, पेनाची रिफिल मागावी तशी ट्यूब मागायची. अन्न व औषध प्रशासनानं खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांत नुसती एक फेरी मारली तरी दिसेल, आणि तुम्ही पेपरवाल्यांनी हे लावून धरलं तर होईल, आमच्यासारख्यांच्या सांगण्यानं होत नाही.

पण एक गोष्ट इथंच सांगते, नाहीतर कोणी उलटा अर्थ घेईल. स्टिरॉइड म्हणजे विष नाही. माझ्या मुलाला आता पण जास्त झालं की डॉक्टर स्टिरॉइडचंच मलम देतात, फक्त कुठलं, किती दिवस आणि कुठं लावायचं ते ठरवून देतात, चेहऱ्याला हलकं वेगळं, हातापायाला वेगळं. मापही शिकवलं, ट्यूबमधून मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर एक रेघ काढायची, ती साधारण अर्धा ग्राम होते आणि मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. माझी एक मैत्रीण आहे, तिनं स्टिरॉइडच्या भीतीनं डॉक्टरांनी दिलेलं मलम पण नाही लावलं, मुलगी रात्र रात्र खाजवून रक्त काढायची. ते पण चूक आणि फळीवरची ट्यूब पण चूक.

मग करायचं काय तर रोजची निगा. मी बारावी सायन्सपर्यंत शिकलेय, त्यामुळं डॉक्टर मला नीट समजावून सांगतात आणि मी वहीत लिहून घेते, चार वर्षांची वही आहे माझ्याकडं. पहिल्या पानावर त्यांनी स्वतः भिंतीचं चित्र काढून दिलंय. आपली वरची कातडी म्हणजे विटांची भिंत, आणि विटांच्या मधे जो गारा असतो तसे कातडीत स्निग्ध पदार्थ असतात. इसबवाल्याचा तो गारा कमी पडतो, फटी राहतात, आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात, मग आग आणि खाज. खाजवलं की भिंत अजून पडते, म्हणून अजून खाज. हे चक्र आहे आणि ते भिंत लिंपूनच थांबतं.

बऱ्याच जणांत हे जन्मतःच असतं. फिलॅग्रिन नावाचं कातडीतलं एक प्रोटीन आहे, ते बनवणाऱ्या जीनमधे बिघाड असला की इसब व्हायची शक्यता वाढते हे २००६ साली शोधलं गेलं. हे मला फार उशिरा कळलं साहेब. माझ्या सासरी माहेरी सगळ्यांनी मला विचारलं होतं की पोटात असताना काय खाल्लं गं, ग्रहणात बाहेर गेली होती का, आणि मी चार वर्षं स्वतःलाच दोष देत होते. माझ्या वडिलांना दमा होता. दमा, ॲलर्जीच्या सर्दी-शिंका आणि इसब हे एकाच घराण्यात फिरतात म्हणे.

आता आंघोळ. आमच्याकडं थंडीत बंबावर पाणी तापवतात आणि पोरांना असं कडक पाणी घालतात की अंगातून वाफा निघाल्या पाहिजेत, तरच आंघोळ झाली असं वाटतं. सासूबाई वजरीनं घासायच्या त्याला, प्रेमानंच, काळं निघतंय म्हणून. ते काळं नव्हतं, त्याची कातडीच होती. कडक पाण्यानं आणि घासण्यानं उरलासुरला तेलकटपणा पण निघून जातो. आता पाणी कोमट, आपण कोपर बुडवलं तर नुसतं बरं वाटलं पाहिजे एवढंच, आणि आंघोळ पाच ते दहा मिनिटात उरकायची. साबण रोज सगळ्या अंगाला नाही, काख, जांघ आणि पाय, बस. आपले साधे साबण अल्कली असतात, कातडी स्वतः थोडी आम्लाकडं झुकलेली असते, पीएच म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप साडेपाचच्या आसपास, म्हणून बिनवासाचा सौम्य साबण घ्यायचा. पाण्यात अँटिसेप्टिकचं झाकण ओतायची सवय पुष्कळ घरात आहे, ती इसबवाल्याला नको, चरचरतं आणि कोरडं पडतं. कडुलिंबाचा पाला उकळून घालतात, त्यानं आमच्या मुलाला काही फायदा नाही झाला, उलट पाणी गरमच राहायचं. आणि दिवाळीचं उटणं! दोन वर्षांपूर्वी पहिल्या आंघोळीला सगळ्यांबरोबर त्याला पण उटणं चोळलं, संध्याकाळपर्यंत पाठ लाल. आता त्याच्या पाटाभोवती रांगोळी असते, ओवाळतो, तेल लावतो, पण उटणं फक्त टिळ्यापुरतं.

आंघोळ झाली की टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही, टिपायचं, थोडी ओल राहू द्यायची आणि तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर लावायचं, म्हणजे कातडीतली ओल टिकवणारं साधं मलम, स्टिरॉइडचं नाही. ही तीन मिनिटं आमच्या घरात सगळ्यात महत्त्वाची आहेत. मी न्हाणीच्या दारातच स्टूल ठेवलंय, डबा त्याच्यावर, कपडे खोलीत. आधी कपडे आणायला गेलं की तेवढ्यात अंग सुकतं. डब्यात बोटं घालत नाही, धुतलेल्या चमच्यानं काढून तळहातावर घेते, नाहीतर बोटांचे जंतू डब्यात जातात. मग केसांच्या दिशेनं, वरून खाली, लोण्यासारखं पसरायचं, रगडायचं नाही, रगडलं तर केसांच्या मुळाशी फोड येतात. सकाळी एकदा, झोपताना एकदा, आणि थंडीत शाळेतून आला की हातापायाला अजून एकदा.

किती लावायचं हे ऐकून मिस्टर उठूनच उभे राहिले होते. डॉक्टर म्हटले लहान मुलाला आठवड्याला पाव किलो तरी लागतं. पाव किलो! आम्ही तेवढं वर्षात संपवत नव्हतो, कंजुषीनं गंध लावल्यासारखं लावायचो आणि म्हणायचो क्रीमनं काही फरक पडत नाही. पैशाचा प्रश्न आहे, मी नाही म्हणत नाही, केळीला भाव नसला की आमच्याकडं पण ओढाताण होते. पण महागडंच पाहिजे असं अजिबात नाही. इंग्लंडमधे साडेपाचशे मुलांवर चाचणी केली, लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट असे चार प्रकार वाटून दिले, २०२२ ला निकाल आला, चारही सारखेच निघाले. म्हणजे जे तुमच्या लेकराला आवडतं, जे परवडतं आणि जे रोज लागतं तेच चांगलं. साधी पांढरी पेट्रोलियम जेली पण चालते, चिकट होते म्हणून आम्ही ती रात्री लावतो आणि दिवसा क्रीम. फक्त वास असलेलं घेऊ नका, बदाम केशर गुलाब लिहिलेलं असलं की मी तो डबा परत ठेवते.

खोबरेल तेल चालतं, आमच्या सासूबाई आता तेच लावतात त्याला दुपारी आणि त्यांना बरं वाटतं की आपण पण काही करतोय. हल्ली शहरातल्या बाया ऑलिव्ह ऑइल लावून राहिल्या बाळांना, ते नका लावू, त्यानं कातडीचा वरचा थर अजून कमजोर होतो असं प्रयोगात दिसलेलं आहे.

पाण्याबद्दल पण सांगते कारण आमच्या भागात बोअरचं पाणी इतकं जड की डाळ शिजत नाही, बादलीला पांढरा थर बसतो. आम्ही पंधरा-वीस हजारांचं पाणी मऊ करायचं मशीन घ्यायला निघालो होतो. डॉक्टरांनीच थांबवलं. जड पाण्याच्या भागात इसब जास्त दिसतं हे खरं, पण ज्या मुलांना आधीच इसब आहे त्यांच्या घरी मशीन लावून इंग्लंडमधेच चाचणी केली होती, २०११ ला छापून आली, काही फरक पडला नाही. तसंच आंघोळीच्या पाण्यात टाकायची औषधी तेलं, त्यांचाही फायदा २०१८ च्या चाचणीत दिसला नाही. ते पैसे मॉइश्चरायझरला ठेवा.

एक धोका मात्र ध्यानात ठेवा, आमच्याकडं चूल आणि शेकोटी दोन्ही आहेत म्हणून मुद्दाम लिहिते. ही मॉइश्चरायझर, जेलीसारखी मलमं कपड्यात, चादरीत मुरतात आणि असा कपडा पटकन पेट घेतो, धुतला तरी पूर्ण जात नाही. लेकराला मलम लावून शेकोटीजवळ बसवू नका, दिवाळीत फुलबाजीजवळ तर नाहीच.

कपडे सुती. आपण कापसाच्या मुलखातले, आणि पोरांना नायलॉनचे चमकदार ड्रेस घालतो. स्वेटर थेट अंगावर नको, आत सुती सदरा पाहिजे, लोकर टोचली की खाज सुरू. नवा कपडा एकदा धुऊनच घालायचा. साबणाची पावडर कपड्यात राहू नये म्हणून मी त्याचे कपडे दोनदा हिसळते. नखं दर रविवारी. गोधड्या उन्हात टाकते. रात्री खाजवायला लागला की मी त्याचा हात धरत नाही आता, धरला की तो चिडतो आणि जास्त खाजवतो. ओला सुती रुमाल ठेवते त्या जागेवर दोन मिनिटं आणि परत मॉइश्चरायझर लावते, आणि सासूबाई अंधारातून विचारतात, काय व्हयनं रे पोऱ्या? मग तो त्यांच्या गोधडीत जाऊन झोपतो.

खाण्याचं फार वाईट करून ठेवलं होतं आम्ही. एकानं सांगितलं वांगं बंद, झालं, खान्देशातल्या पोराचं भरीत बंद. दुसऱ्यानं सांगितलं आंबट बंद, तिसऱ्यानं दूध, मग शेंगदाणे, अंडी, गूळ. केळी पिकवणाऱ्याच्या घरात पोराला केळी बंद, का तर थंड असते. आठ महिने त्याला वरण-भात आणि पोळी एवढंच देत होतो, इसब तसंच आणि वजन दीड किलो कमी. काही लहान मुलांना खरंच एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असते, खाल्ल्या खाल्ल्या अंगावर गांधी येतात, ओठ सुजतात, उलटी होते, ते डॉक्टरांना दाखवून ठरवायचं. पण शेजारणीच्या सांगण्यावरून पोराचं ताट रिकामं करू नका. आता तो भरीत खातो, ठेचा लावून खातो.

आणि शाळा. मागच्या वर्षी त्याला वर्गात वेगळं बसवलं होतं, शेवटच्या बाकावर एकट्याला, कोणा पालकानं तक्रार केली म्हणून. डबा खायला कोणी जवळ येईना. मला त्यानं सांगितलं नाही, आठ दिवसांनी कळलं, कारण डबा तसाच परत यायला लागला. मी डॉक्टरांचं पत्र घेऊन गेले. इसब संसर्गजन्य नाही, हात लावून, शेजारी बसून, एका डब्यात खाऊन कोणाला होत नाही. बाईंना खरंच माहिती नव्हतं, त्यांना वाटलं खरूज आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला परत पुढं बसवलं, म्हणून माझा राग नाही त्यांच्यावर, पण असं किती पोरांचं होत असेल.

खरूज मात्र नक्की पसरते, म्हणून दोन्हीतला फरक माहिती पाहिजे. खरजेत रात्री खाज फार वाढते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीजवळ बारीक पुरळ असतात आणि घरात एकाला झाली की हळूहळू सगळ्यांना होते. तिथं एकट्याला औषध लावून भागत नाही, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावावं लागतं, ज्याला खाज नाही त्यानं पण, आणि कपडे, चादरी गरम पाण्यात धुवाव्या लागतात. गजकर्ण गोल असतं, कडा लाल आणि मधे साफ होत जातं. पण ट्यूब लावलेली असली की हे सगळं बदलतं, मग डॉक्टरला पण ओळखायला अवघड जातं. म्हणून दाखवायला जाताना काय काय लावलं ते खरं सांगा, ट्यूब सोबत न्या.

मोठ्या माणसांचं पण थोडं लिहिते. आमचे सासरे, आयुष्य शेतात गेलं, त्यांच्या मानेवर, पापण्यांवर आणि हाताच्या लवणीत दर पावसाळ्यात खाज उठायची, कातडी हत्तीसारखी जाड झाली होती. ते निघालं गाजरगवताचं. हे तण आपल्या देशात पन्नासच्या दशकात पहिल्यांदा पुण्याकडं दिसलं आणि आता बांधाबांधावर आहे, त्याला हात लावायची पण गरज नाही, वाळलेल्या गवताचे कण वाऱ्यानं उडून अंगावर बसले तरी ज्याला ॲलर्जी आहे त्याला होतं. आता ते बाह्या पूर्ण खाली घेतात, तोंडाला उपरणं बांधतात, बांधावरचं गवत फुलायच्या आधी उपटून घेतात, म्हणजे दुसऱ्याकडून उपटून घेतात, आणि घरी आले की आधी अंगावर पाणी घेऊन कपडे बदलतात. तसंच भेगांना बिब्बा लावायची पद्धत आपल्याकडं अजून आहे, कृपा करून लावू नका. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी लावला, पाऊल फोडांनी भरलं, महिनाभर चालता येईना. भेगांना रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून, टिपून, पेट्रोलियम जेली किंवा आमसुलाचं तेल लावून सुती मोजे घाला, आठ दिवसात फरक दिसतो.

उन्हाळ्याचं म्हणाल तर आमच्याकडं भुसावळ-जळगावला पंचेचाळीस होतं, तेव्हा कोरडेपणापेक्षा घामाचा त्रास असतो. खेळून आला की साध्या पाण्यानं घाम धुवायचा, परत मॉइश्चरायझर. कूलरची हवा बरी वाटते त्याला, फक्त वर्षभर बंद असलेला कूलर धूळ झाडून, नवा वाळा टाकूनच सुरू करायचा.

आणि लगेच डॉक्टरकडं कधी पळायचं हे माझ्या वहीत लाल पेनानं लिहिलेलं आहे. इसबाच्या जागी पिवळी खपली धरली, पू-पाणी वाहायला लागलं, आजूबाजूला गरम आणि सूज, ताप, हे जंतूंचं लक्षण. आणि एकसारखे बारीक पाण्याचे फोड झुपक्यानं आले, दुखायला लागले, पोरगं मलूल झालं, तर रात्र असली तरी थांबायचं नाही, ते विषाणूचं असू शकतं आणि डोळ्याजवळ असलं तर अजून घाई.

संपादक साहेब, तुम्ही रोज पहिल्या पानावर तापमान छापता, कमाल किमान. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्याच्याखाली रोज दोन ओळी छापा ना, कोमट पाणी, तीन मिनिटात मॉइश्चरायझर, स्टिरॉइडची ट्यूब चिठ्ठीशिवाय नको. जागा किती लागते त्याला. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस तरी स्किनचे डॉक्टर यावेत हे पण कोणीतरी लिहायला पाहिजे, आम्हाला जळगावला जायचं म्हणजे एक रोज बुडतो, दोन तिकिटं आणि दिवसभराची रांग, म्हणून तर लोक मेडिकलवर जातात, हौस म्हणून नाही जात.

मुलाला आता बरं आहे. पूर्ण गेलं नाही, डॉक्टर म्हटले बऱ्याच मुलांचं वयाबरोबर कमी होतं, काहींचं राहतं. या थंडीत आजपर्यंत फक्त एकदा स्टिरॉइड लागलं, पाच दिवस. आता तो स्वतः स्टुलाजवळ येऊन उभा राहतो आणि पाठ माझ्याकडं करतो.

पत्र फार मोठं झालंय, तुम्हाला कापावं लागेल हे मला कळतं. कापायचं असलं तर आमच्या घरचं कापा, पण आंघोळीचं, मलमाचं आणि लाल पेनानं लिहिलेलं राहू द्या. ती एसटीनं गेलेली बाई कुठल्या गावची होती ते मी विचारलं नाही, पण तुमचा पेपर त्या बाजूला सगळीकडं जातो.

आपली,
एक वाचक
ता. यावल, जि. जळगाव

(मुलगा शाळेत जातो, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)